व्यापार-संरक्षण

परदेशी मालापुढे देशी उत्पादक टिकावा म्हणून सरकारने बाजाराला घातलेले कुंपण. आयातीवर चढी जकात, आयातीचा कोटा किंवा थेट बंदी, देशी कारखान्यांना अनुदान हे त्याचे नेहमीचे मार्ग. जकातीचा भार बहुतांशी गिऱ्हाइकाच्याच खिशावर पडतो.

भारतात या विचाराची पायाभूत मांडणी पुण्यात झाली. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्या. महादेव गोविंद रानडे यांनी सांगितले, की इंग्लंडला मानवलेले खुल्या व्यापाराचे तत्त्व सर्व देशांना सर्वकाळ लागू पडत नाही. पण जकात ठरवणारे सरकारच परके. १८९६ मध्ये त्याने परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि मँचेस्टरच्या कापडगिरण्यांना झळ लागू नये म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर बसवला. हा उघड अन्याय १९२५ च्या अखेरपर्यंत चालला. सरकार कुंपण घालीना, तेव्हा लोकांनीच ते घातले: सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) १८७० च्या दशकातच हातसुताचे कपडे वापरू लागले होते, १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली. स्वदेशी हे जनतेने स्वतःवर लादून घेतलेले संरक्षणच होय.

सरकारी संरक्षण पुढे निवडक उद्योगांना मिळाले. १९३२ च्या कायद्याने साखरेला ते मिळताच देशातील तीसेक कारखान्यांचे चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या वर कारखाने झाले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा कारखाना त्याच दशकातला.

स्वातंत्र्यानंतर कुंपण फारच उंच झाले. आकुर्डीत बनणारी बजाजची चेतक स्कूटर तिरकी करून किक मारणे पुणेकराच्या अंगवळणी पडले होते, पण ती मिळवायला पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर गाडी लवकर मिळे. आयात बंद आणि देशी उत्पादनालाही परवान्याची मर्यादा, अशा दुहेरी कोंडीची ही रांग होती. तरीही याच काळात पिंपरी-चिंचवडमध्ये सुटे भाग बनवणारी लहान वर्कशॉपे आणि कसबी कामगार तयार झाले, हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

१९९१ नंतर जकाती उतरल्या. १९९३ मध्ये राहुल बजाज यांच्यासह काही उद्योगपतींनी परदेशी कंपन्यांशी समान अटींवर स्पर्धा मागितली. हा गट ‘बॉम्बे क्लब’ म्हणून ओळखला गेला. पूर्ण तयार मोटारीवरील जकात आजही सुट्या भागांच्या संचापेक्षा बरीच जास्त आहे. म्हणून परदेशी कंपन्यांच्या महागड्या गाड्यांची जोडणी चाकणला होते.