भाडेकायदा सुधारणा : संसदेतील चर्चा आणि इंदूरची घरे

घर किंवा दुकान भाड्याने देणारा मालक आणि ते वापरणारा भाडेकरू यांच्या हक्कांची जुनी वाटणी बदलण्याचा प्रयत्न म्हणजे भाडेकायदा सुधारणा. ही जुनी वाटणी महायुद्धाच्या आणि फाळणीच्या काळातल्या घरटंचाईत ठरली. भाडे किती असावे, जागा कधी परत मागता यावी आणि भाडेकरू वारल्यावर ती कुणाकडे जावी, हे वादाचे तीन मुद्दे. पैकी तिसरा सर्वांत जास्त पेटतो, विशेषतः दुकानांच्या बाबतीत.

भारतात भाडेकायदे मुख्यतः राज्यांनी केलेले आहेत. इंदूरच्या घरांना लागू असलेला मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ हा भोपाळच्या विधानसभेचा कायदा. संसदेने स्वतः मोठा भाडेकायदा केला तो दिल्लीसाठी, १९५८ मध्ये. त्यामुळे लोकसभेत किंवा राज्यसभेत या विषयावर खडाजंगी झाली की ती बहुधा दिल्लीच्या घरा-दुकानांवरून असते. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या घराचे त्याने लगेच काही बदलत नाही. ‘नवा कायदा आला’ अशी बातमी वाचून इंदुरात मालक खूश आणि भाडेकरू हवालदिल होतात, ते बहुतेक वेळा अकारण.

याला एक अपवाद इंदूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. महू ही लष्करी छावणी, आणि छावणी क्षेत्रातील घरांचे व भाड्यांचे नियमन हा राज्यघटनेतल्या संघसूचीच्या, म्हणजे केंद्राकडच्या विषयांच्या यादीच्या, तिसऱ्या नोंदीचा विषय. तिथे कायदा करण्याचा अधिकार संसदेचाच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने इंदुभूषण बोस खटल्यात १९६९ साली दिला. संसदेने १९५७ मध्ये स्वतंत्र कायदा करून राज्याचा भाडेकायदा अधिसूचनेने छावणीला लागू करण्याची सोय केली आहे. म्हणजे महूच्या बाजारातल्या भाडेकरूला मिळणारे संरक्षण भोपाळमध्ये लिहिलेले असले, तरी तिथवर पोहोचते दिल्लीच्या वाटेने.

अकरा महिन्यांचा किरायानामा

महाराष्ट्रात ज्याला भाडेकरार म्हणतात त्याला इंदूरची मराठी माणसे सर्रास ‘किरायानामा’ म्हणतात, आणि तो अकरा महिन्यांचा असतो. कारण साधे आहे : एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून एक महिना कमी. जिल्हा कोर्टाच्या आसपास टायपिंगवाल्याकडे मजकूर तयार असतो. नावे, पत्ता आणि रक्कम तेवढी बदलायची, नोटरीचा शिक्का घ्यायचा, की झाले. त्यात शेवटी एक ठरलेले वाक्य असते : मुदत संपताच किरायेदार जागा खाली करून देईल.

गंमत अशी की १९६१ च्या कायद्यापुढे या वाक्याला फारसे वजन नाही. जागा खाली करून घेण्याची कारणे कलम १२ मध्ये मोजून दिलेली आहेत, आणि नुसती मुदत संपणे हे त्यांतले कारण नाही. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी न भरणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकाला स्वतःला राहायला किंवा धंद्याला जागेची खरी गरज असणे, इमारत राहण्याजोगी नसणे, अशी कारणे दाखवावी लागतात आणि सिद्धही करावी लागतात. भाडेकरूसकट घर विकत घेऊन लगेच ‘मला स्वतःला हवे’ म्हणता येऊ नये, म्हणून खरेदीनंतर एक वर्ष उलटल्याशिवाय गरजेच्या कारणाचा दावाच लावता येत नाही.

दावा लागला की भाडेकरूची खरी परीक्षा कलम १३ मध्ये असते. समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात थकबाकी भरायची आणि पुढे निकाल लागेपर्यंत दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भाडे जमा करायचे. चुकले तर बचावच खोडला जाऊ शकतो. जुन्या वाड्यांतली एक ओळखीची चाल इथूनच कळते. मालक भाडे घेईना, म्हणजे ‘थकले’ म्हणायला मोकळा. भाडेकरू मग तेच पैसे मनीऑर्डरने पाठवी आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवी. दोघे एकाच जिन्याने वरखाली करत, दिवाळीला फराळाची ताटेही जात-येत, आणि कोर्टात तारखा पडत राहत. धार्मिक वा धर्मादाय संस्थांच्या जागांना सरकार कलम ३ खाली सूट देऊ शकते. त्या सुटीतल्या दुकानदाराला यातले कोणतेच कवच उरत नाही.

१९८३ च्या दुरुस्तीने गरजेची प्रकरणे दिवाणी न्यायालयाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्यापुढे, झटपट पद्धतीने चालवण्याची सोय झाली. भाडेकरूला बचावाची परवानगीच मुळी मागावी लागते, तीही समन्सपासून १५ दिवसांत. दोनच वर्षांत ही वाट अरुंद करण्यात आली. आता ती निवृत्त सरकारी नोकर व सैनिक, विधवा, घटस्फोटिता, अपंग अशा ठरावीक मालकांपुरती आहे. संसदेने दिल्लीसाठी अशी पद्धत १९७६ मध्येच आणली होती.

१९९५ चा न लागलेला कायदा

केंद्राने १९९२ मध्ये राज्यांसाठी भाडेकायद्याचा नमुना संसदेपुढे ठेवला. त्यापाठोपाठ आलेला दिल्ली भाडे कायदा १९९५ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, २३ ऑगस्ट १९९५ ला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. लेखी करार, ठरावीक काळाने भाडेवाढ आणि वारसाहक्काला मर्यादा हे त्याचे गाभ्याचे भाग. दिल्लीच्या जुन्या बाजारांतले भाडेकरू दुकानदार संपावर उतरले. चोख कायदेशीर नसली तरी जुन्या दुकानाच्या भाडेकरूपणाला बाजारात किंमत असते. पगडी (जागेचा ताबा घेताना दिलेली एकरकमी रक्कम) देऊन घेतलेली जागा पोरांना मिळणार नसेल, तर ती पगडी बुडाली. शिवाय दुकानाचा भाडेहक्कही वारसांकडे जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने ज्ञानदेवी आनंद खटल्यात १९८५ मध्ये मान्य केलेलेच होते.

सरकारने मग अंमलबजावणीची अधिसूचनाच काढली नाही. १९९७ मध्ये दुरुस्ती विधेयक आले. ‘कायदा लागू करा’ असा आदेश देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले. २०१३ मध्ये तर तो रद्द करण्याचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. संसदेने उघडलेले दार बाजाराने बाहेरून लावून घेतल्याचे हे भारतातले बहुधा सर्वांत ठळक उदाहरण. मालक विखुरलेले आणि भाडेकरू दुकानदार एका रांगेत बसलेले, हे गणित इंदूरच्या राजवाडा, सराफा, सीतलामाता बाजारातही वेगळे नाही.

आदर्श भाडेदारी कायदा

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला आदर्श भाडेदारी कायदा हा संसदेचा कायदा नव्हे, राज्यांना दिलेला नमुना आहे. त्यामागचे एक कारण २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये रिकामी आढळलेली सुमारे १.१ कोटी घरे. नमुन्यात भाड्याला वरची मर्यादा नाही, करार लेखी हवा, अनामत राहत्या घराला दोन आणि इतर जागेला सहा महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको. मालकाला घरात यायचे तर २४ तास आधी कळवावे लागेल. पाणी-वीज तोडता येणार नाही.

इंदूरच्या दृष्टीने यातली कळीची तरतूद मुदतीची. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे. म्हणजे किरायानाम्यातल्या त्या शेवटच्या वाक्याला प्रथमच दात येतात. भंवरकुआंच्या आसपास स्पर्धापरीक्षांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना याची झळ कमीच. ती तशीही वर्ष-दोन वर्षांत खोली बदलतात आणि त्यांची खरी तक्रार बुडणाऱ्या डिपॉझिटची असते. नमुना फक्त पुढच्या करारांना लागू व्हावा असे त्यातच म्हटले आहे. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्येच या धर्तीवर आपला कायदा केला. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूला आणि त्याच्या मालकाला मात्र हा नमुना हात लावत नाही.