एरिक फ्रेंत्सेल

फ्रेंत्सेल, एरिक : (२१ नोव्हेंबर १९८८ – ). जर्मन नॉर्डिक कम्बाइन्ड स्कीपटू व नंतर प्रशिक्षक. जन्म तत्कालीन पूर्व जर्मनीतील (आता सॅक्सनी राज्य) आनाबेर्ग-बुखहोल्ट्स येथे. बालपण गायर या गावी गेले. जडणघडण मात्र झाली ती चेक सीमेलगत, फिश्टेलबेर्गच्या पायथ्याशी असलेल्या ओबरवीझेनटालमध्ये. १९७२, १९७६ व १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक वैयक्तिक सुवर्णपदके मिळवणारे उल्रिश वेलिंगही याच गावच्या क्लबचे.

फ्रेंत्सेल यांचे यश समजायला या खेळाचे गणित आधी ध्यानात घ्यावे लागते. वैयक्तिक स्पर्धेत आधी स्की-उडी आणि मग १० किमी क्रॉस-कंट्री शर्यत असते. उडीतला एक गुण म्हणजे शर्यतीतले ४ सेकंद. लहान टेकडीवर (नॉर्मल हिल) एका मीटरला २ गुण, म्हणजे ८ सेकंद. मोठ्या टेकडीवर (लार्ज हिल) १.८ गुण, म्हणजे ७.२ सेकंद. पाचपैकी मधल्या तीन पंचांचेच गुण धरले जातात. उतरताना एक पाय पुढे घेण्याची टेलिमार्क पद्धत नीट साधली नाही आणि तिघांनी दोन-दोन गुण कापले, की २४ सेकंद गेले. उडीत पहिला आलेला खेळाडू शर्यतीत पहिला सुटतो; बाकीचे आपापल्या फरकाने मागून सुटतात आणि अंतिम रेषा आधी गाठणारा जिंकतो. उडीसाठी शरीर हलके हवे, शर्यतीसाठी दमसास. बहुतेकांची एक बाजू लंगडी राहते. फ्रेंत्सेल यांची राहिली नाही, शिवाय शेवटच्या चढावर व सरळ पट्ट्यात वेग काढण्याची ताकद त्यांच्यापाशी होती.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्यपदक मिळाले. २०११ मध्ये ऑस्लो येथे लहान टेकडीवर ते जगज्जेते झाले, २०१३ मध्ये वाल दी फिएम्मे येथे मोठ्या टेकडीवर. २०१२-१३ ते २०१६-१७ असे सलग पाच हंगाम विश्वचषकाचे एकूण विजेतेपद त्यांच्याकडे होते. याच काळात ऑस्ट्रियातील झेफेल्डच्या तीन दिवसांच्या ‘ट्रिपल’चे पहिले चारही (२०१४–१७) मान त्यांनीच पटकावले. तिथे आदल्या दिवसाचा फरक पुढच्या दिवशी तसाच चालू राहतो, त्यामुळे एक चूक तिन्ही दिवस भोवते. विश्वचषकातील त्यांचे वैयक्तिक विजय ४३ आहेत.

सोची २०१४ मध्ये लहान टेकडीवर ते उडीत पहिले आले आणि जपानच्या अकितो वाताबे यांच्यापुढे ६ सेकंद सुटले. एकट्याने पुढे पळण्यापेक्षा वाताबेंना बरोबर येऊ देऊन त्यांनी शेवटच्या टप्प्यात जोर लावला व ४.२ सेकंदांनी सुवर्ण जिंकले. मोठ्या टेकडीवर चित्र उलटे झाले: आजारपणातून नुकतेच उठलेले फ्रेंत्सेल उडीत पुन्हा पहिले, पण शर्यतीत दम टिकला नाही आणि ते दहावे आले. सांघिक रौप्य मिळाले. नॉर्वेशी अंतर होते अवघे ०.३ सेकंद.

प्याँगचांग २०१८ मध्ये उद्‌घाटनाच्या संचलनात जर्मनीचा ध्वज त्यांच्या हाती होता. जानेवारीअखेर झेफेल्डमध्ये वाताबे जिंकले होते, त्यामुळे पारडे त्यांचे जड मानले जात होते. लहान टेकडीवर फ्रेंत्सेल उडीत पाचवे, आघाडीपासून ३६ सेकंद मागे होते. त्यांनी ती तूट भरून काढली आणि वाताबेंना ४.८ सेकंदांनी मागे टाकून सुवर्ण राखले. मोठ्या टेकडीवर जर्मन सहकारी योहान्नेस रिड्झेक व फाबियान रीसले यांच्यामागे कांस्य, आणि सांघिक सुवर्ण. ही त्यांची सर्वांत भरघोस स्पर्धा.

२०१९ च्या जागतिक स्पर्धेत इन्सब्रुकच्या बेर्गइझेल टेकडीवरील उडी व झेफेल्डची शर्यत मिळून त्यांनी पुन्हा वैयक्तिक सुवर्ण जिंकले; रीसले यांच्या साथीने सांघिक स्प्रिंटचेही. एकूण जागतिक सुवर्णपदके सात.

बीजिंग २०२२ मध्ये कोविडची लागण झाल्याने दोन्ही वैयक्तिक स्पर्धा हुकल्या. विलगीकरणातून सुटून थेट ४ × ५ किमी सांघिक शर्यतीत उतरल्यावर सरावाचा अभाव जाणवला. आपला टप्पा संपताच ते बर्फावर कोसळले. संघाला रौप्य मिळाले आणि त्यांची ऑलिंपिक पदके सात झाली : तीन सुवर्ण, दोन रौप्य, दोन कांस्य. २०२३ मध्ये निवृत्त होऊन त्यांनी हेर्मान वाइनबुख यांच्या जागी जर्मन संघाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले.