गुलशनाबादेतून पाहिलेला ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’

दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीच्या बाजूला गेलं की द्राक्षबागांच्या मधेमधे गुलाबाची पॉलीहाऊस दिसायला लागतात. ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ या अमेरिकन चित्रपटातलं काचघर त्यामुळेच मला कधी परकं वाटलं नाही. भर पावसाच्या रात्री चित्रपटाचा नायक, जो क्ले, सासऱ्याच्या रोपवाटिकेत शिरतो. कुठल्यातरी कुंडीत त्याने बाटली पुरून ठेवलेली असते, पण नेमक्या कुठल्या, हे आठवत नाही. मग एकेक कुंडी उचलायची, उलटायची, फोडायची. सासऱ्याने वर्षानुवर्षं वाढवलेली रोपं मुळासकट बाहेर येतात. शेवटी बाटली सापडते आणि तो तिथेच चिखलात लोळत ती तोंडाला लावतो.

निफाडकडच्या एका बागायतदार मित्राबरोबर मी हा चित्रपट पाहिला. या दृश्याला तो हळूच म्हणाला, “मी बाटली फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीमागे ठेवायचो. एकदा पंपघर असंच उलथंपालथं केलं होतं.” दारू सोडून त्याला काही वर्षं झाली आहेत. त्याच्या त्या एका वाक्यामुळे या चित्रपटाच्या मागचा इतिहास धुंडाळावासा वाटला.

नावापासूनच सुरुवात करतो. मुघल काळात आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, फुलबागांचं गाव. आज त्याच नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात. म्हणजे वाइन आणि गुलाब, दोन्ही इथलेच. चित्रपटाचं नाव मात्र अर्नेस्ट डाउसन या इंग्रज कवीच्या १८९६ च्या छोट्या कवितेतून आलं आहे. सुखाचे दिवस थोडेच असतात, धुक्यातून वाट क्षणभर दिसते आणि पुन्हा मिटते, असा तिचा भाव. डाउसन स्वतः दारूत बुडालेला होता. १९०० मध्ये तो गेला तेव्हा त्याचं वय अवघं ३२ वर्षांचं होतं.

हा चित्रपट १९६२ चा. त्याआधीचा मोठा दारूपट म्हणजे बिली वाइल्डरचा ‘द लॉस्ट वीकेंड’, १९४५ चा. उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. दारूड्या हा तोवर पडद्यावर बहुधा हसवायला यायचा, त्याला वाइल्डरने माणूस म्हणून दाखवलं. पण त्याचा शेवट मला पटत नाही. प्रेयसीच्या आग्रहाने नायक एकाएकी सावरतो, सिगारेट दारूच्या ग्लासात बुडवतो आणि कादंबरी लिहायला बसतो. दारू अशी सुटत नाही, हे ज्यांच्या घरात ती शिरली त्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

मोठी गोष्ट त्याही आधीपासून घडत होती, ती पडद्याबाहेर. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, अ‍ॅक्रन या गावात बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा सर्जन एकमेकांना भेटले. दोघेही दारूने पार मोडलेले. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणाने बोलला तर दोघांचाही आजचा दिवस निभावतो, हे त्यांना उमगलं आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही पिणाऱ्यांनीच एकमेकांना सावरायची संघटना उभी राहिली. १९५१ मध्ये विल्सनच्या पत्नीने, लोइसने, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केलं. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली.

या पार्श्वभूमीवर जे. पी. मिलरने टीव्हीसाठी याच नावाचं नाटक लिहिलं. जॉन फ्रँकनहाइमरच्या दिग्दर्शनात ते २ ऑक्टोबर १९५८ ला प्रक्षेपित झालं. आपल्याकडे गांधी जयंतीचा तो ‘ड्राय डे’. तेव्हा नाशिक मुंबई राज्यात होतं आणि १९४९ च्या कायद्याने इथे दारूबंदी होती. दुकानं बंद होती, हातभट्ट्या चालू होत्या. बाटली काढून घेतली की प्रश्न मिटला, असं कायदा धरून चालला. ओढ माणसाच्या आत असते, तिथवर कायद्याचा हात पोचला नाही.

१९६२ मध्ये ब्लेक एडवर्ड्सने त्यावर चित्रपट केला. जॅक लेमन झाला जो आणि ली रेमिक त्याची बायको कर्स्टन. कर्स्टन मुळात पिणारी नाही, तिला चॉकलेट आवडतं. ते हेरून जो तिला ब्रँडी अलेक्झांडर पाजतो. त्यात ब्रँडी असते, साय असते आणि कोकोची गोड चव. विष इतक्या लाडाने दिलं जातं. पुढे लग्न, मुलगी, नोकरी जाणं, आग. जो दवाखान्यात बांधला जातो. मग एक मद्यपी, स्वतः दारू सोडलेला, त्याला भेटायला येतो आणि अ‍ॅनॉनिमसच्या सभेला नेतो. जो पुन्हा घसरतो, पुन्हा उठतो. कर्स्टन मात्र आपल्याला आजार आहे हे कबूलच करत नाही. पिणं थांबलं की जग घाणेरडं दिसतं, असं ती म्हणते तेव्हा तिचा राग येत नाही, भीती वाटते.

मराठी प्रेक्षकाला इथे गडकऱ्यांचा सुधाकर आठवणारच. ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं फेब्रुवारी १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरातच. बालगंधर्वांची सिंधू पाहून थिएटरं रडली. शंभर वर्षं होऊन गेली तरी दारूचं इतकं खरं चित्र मराठीत दुसरं नाही, असं माझं मत आहे. पण सुधाकरच्या तोंडी गडकऱ्यांनी जे घातलं आहे त्याचा अर्थ असा, की दारू सोडण्याची वेळ एकच, पहिला प्याला घेण्याआधीची. ती टळली की संपलं. अ‍ॅनॉनिमसच्या सभेतही पहिल्या प्याल्याचीच गोष्ट चालते. तो टाळायचा, फक्त आजच्या दिवसापुरता. शब्द तोच आहे, पण एकीकडे त्याने दार लागतं आणि दुसरीकडे उघडतं. गडकऱ्यांच्या नाटकातला भगीरथ दारूतून सुटतो, रामलालच्या आधाराने सेवेला लागतो, पण त्याला आपण विसरलो. लक्षात राहिली सिंधू, मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ न देणारी. तिच्या सोसण्याला आपण इतका मान दिला, की असं झाकणं हासुद्धा आजाराचाच भाग असतो, हे म्हणायला मराठी घरांना फार उशीर झाला.

ते म्हणायची जागा पुण्यात तयार झाली. गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यावर अनिल अवचटांनी लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि १९८६ मध्ये अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पेशंटइतकंच त्याच्या बायकोशी बोलायचं, ही रीत तिथे रुजली. पिणाऱ्या बायकांसाठीही पुढे तिथे वेगळा विभाग झाला. कर्स्टनसारखीला असं काही मिळतं तर, असं वाटून जातं.

नाशिकचं चित्रही तोवर बदलत होतं. २००० मध्ये सुला या इथल्या वाइन कंपनीची पहिली वाइन बाजारात आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. बागायतदाराच्या मालाला नवा ग्राहक मिळाला, हे मी नाकारत नाही, माझे नातेवाईकही त्यावर जगतात. पण २७ जानेवारी २०२२ हा दिवस मला विसरता येत नाही. मोठ्या दुकानांतून वाइन विकायला मंत्रिमंडळाने त्या दिवशी मंजुरी दिली आणि त्याच दिवशी अनिल अवचट गेले.

चित्रपटाला उत्कृष्ट गीताचं ऑस्कर मिळालं, हेन्री मॅन्सिनी आणि जॉनी मर्सर यांना. त्याहून मोलाचं मला वेगळंच वाटतं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मुलाखतीत जॅक लेमनने आपण स्वतः मद्यपी असल्याचं सर्वांसमोर सांगितलं.

शेवटी कर्स्टन घरी परत यायला पाहते, पण दारू सोडायचं वचन तिला देता येत नाही. जो तिला जाऊ देतो. मुलगी जागी होते आणि विचारते, आई बरी होईल का? तो म्हणतो, मी झालो ना? मग तो खिडकीशी जातो आणि समोरच्या बारची चमकती पाटी काचेवर उमटत राहते.

दिवे लागले तरी माझा मित्र बराच वेळ बसून होता. मग घड्याळ पाहून उठला. द्राक्षांची गोडी छाटणी चालू होती, सकाळी सहाला मजूर यायचे होते.