अपघाती वळणे, ग्रामीण रस्त्यांवरील (नागपूर जिल्हा)

पुढचा रस्ता दिसू न देणारी, कमी त्रिज्येची वळणे. नागपूर जिल्ह्याचा बराच भाग सपाट आहे, तरी गावरस्त्यांवर अशी वळणे जागोजागी भेटतात. अनेक गावरस्ते मुळात बैलगाडीच्या पांदणी. पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, धुऱ्याधुऱ्याने (शेताच्या बांधाकडेने) जाते आणि शेताचा कोपरा आला की जवळजवळ काटकोनात वळते. बैलांच्या चालीला ते पुरेसे होते. पुढे त्याच आखणीवर गिट्टी व डांबर पडले. वेग वाढला, वळण तेच राहिले. घाटात चालक सावध असतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तो बेसावध असताना वळण येते, म्हणून ते अधिक घातक.

वळताना गाडीला आत धरून ठेवणारे बल टायरच्या घर्षणातून आणि रस्त्याच्या आतल्या बाजूच्या उतारातून मिळते. वेग दुप्पट झाला की चौपट बल लागते. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या रस्तेबांधणीच्या मानकांनुसार घर्षणांक (टायरच्या पकडीचे माप) ०.१५ आणि सपाट प्रदेशात उतार जास्तीत जास्त ७ टक्के धरतात. त्या हिशेबाने ताशी ३० किमी. वेगाला सुमारे ३२ मी. त्रिज्या चालते, ६० किमी.ला सुमारे १३० मी. लागते. धुऱ्याच्या कोपऱ्यावर एवढी जागा कुठून येणार? त्यात कित्येक ठिकाणी हा उतारही दिलेला नसतो.

ऋतूनुसार धोका बदलतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळ्या मातीचा चिखल डांबरावर पसरतो आणि दुचाकी घसरते. फुगून मऊ झालेल्या साइडपट्टीत चाक रुतते. दिवाळीच्या सुमारास तूर माणसाएवढी होते आणि वळणाच्या आतली बाजू पूर्ण झाकते. ताशी ५० किमी. वेगातली गाडी थांबवण्यासाठी समोरचे ६० मी. दिसावे लागतात, असे मानक सांगते. कापसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, आणि वळताना हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी शेतात पडतो.

राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मी. टप्प्यात ३ वर्षांत ५ गंभीर वा प्राणांतिक अपघात किंवा १० मृत्यू झाले, तर त्याला अपघातप्रवण स्थळ मानतात. विरळ वाहतुकीच्या गावरस्त्याला हा निकष लावणे अन्यायाचे आहे. तेथे एका घरातला एक माणूस गेला तरी दखल घ्यायला हवी. जमीन मिळवून वळण सरळ करणे खर्चिक व वेळखाऊ असते. बाणांचे परावर्तक फलक, भरलेल्या साइडपट्ट्या आणि आतल्या कोपऱ्यावर तुरीऐवजी हरभऱ्यासारखे बुटके पीक एवढ्यानेही धोका कमी होऊ शकतो.