रबाळ्यातली चढती-उतरती रेघ

ठाणे-बेलापूर पट्टा म्हटलं की अजूनही रासायनिक कारखाने आठवतात. पण रबाळ्याच्या बाजूला जैविक औषधांचंही काम चालतं, आणि अशा प्रयोगशाळेत पडद्यावरच्या एका रेघेकडे तासन्‌तास डोळे लावून बसावं लागतं. एखादं प्रथिन यंत्रातल्या पृष्ठभागावर किती चिकटतं आणि किती वेळ टिकतं हे ती रेघ दाखवते; या पद्धतीचं नाव सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स. प्रथिनाचं द्रावण सोडलं की रेघ चढते. नुसतं बफर, म्हणजे प्रथिन नसलेलं, आम्लता स्थिर राखणारं द्रावण सोडलं की चिकटलेलं सुटत जातं आणि रेघ हळूहळू उतरते. प्रथिनाला रंग लावलेला नसतो, चमकणारी खूणही जोडलेली नसते.

या रेघेचं मूळ १९०२ सालचं. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांना, बारीक रेघा कोरलेल्या धातूच्या पट्टीवरून परतलेल्या प्रकाशात मध्येच काळे पट्टे दिसले. कारण त्यांना सापडलं नाही. धातूच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या लहरींशी त्याचा संबंध फानो यांनी १९४१मध्ये जोडला. १९६८मध्ये जर्मनीत ओटो आणि क्रेच्मान यांनी प्रिझम वापरून या लहरी हव्या तेव्हा उठवून दाखवल्या, आणि खरी वाट तिथे मोकळी झाली. प्रिझमवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असला, तर एका ठरावीक कोनात परतणारा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. थराला लागून प्रथिन चिकटलं की तिथला अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) बदलतो आणि तो कोन सरकतो. रेघ म्हणजे हेच सरकणं.

१९८३मध्ये स्वीडनमधल्या लीडबेर्ग, नीलांडर आणि लुंडस्ट्रम यांनी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) चिकटताना हे प्रत्यक्ष टिपलं. १९९०मध्ये हेच मोजणारं बियाकोर नावाचं यंत्र बाजारात आलं.

त्याआधी १९७१पासून एलायझा ही प्रथिनं ओळखणारी चाचणी होतीच, आजही पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती लागते. पण तिच्यात धुण्याच्या पायऱ्या असतात. सैल धरून बसलेली प्रथिनं तिथेच वाहून जातात. किती चिकटलं हे शेवटी कळतं, किती वेळ टिकलं हे नाही. ते रेघेच्या उतरत्या भागात दिसतं, म्हणून माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे.

यंत्र मात्र हळवं. फ्रीजमधून काढलेलं बफर तसंच वापरलं तर ते कोमट होताना बुडबुडे सुटतात आणि रेघ एकदम उसळते. तापमान एका अंशाने हललं तरी ती यंत्राच्या मापातली शंभरेक एककं सरकते. खऱ्या मोजणीत कधीकधी सगळा चढ तेवढाच असतो. म्हणून बफर आधी खोलीच्या तापमानाला आणून त्यातली हवा काढतात. मग मूळ औषध आणि त्याची नवी प्रतिकृती पाठोपाठ सोडतात, दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवतात आणि उतार जुळतो का ते बघतात.