सभेची गर्दी आणि मते (अमेरिकेतील प्राथमिक निवडणुका)

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकांत (प्रायमरी) प्रचारसभांना जमणारी गर्दी आणि प्रत्यक्ष पडणारी मते यांचा कितपत मेळ बसतो, हा निवडणूक-अभ्यासातील जुना वादविषय आहे. सभा भरली म्हणजे हवा आहे, असे प्रचारकही मानतात आणि वार्ताहरही. निकाल मात्र दोन्ही बाजूंची साक्ष देतात. त्यामुळे गर्दीच्या आकड्यापेक्षा मतदानाचा हक्क कोणाला आहे, मतदानाची रीत कोणती आणि सभा संपल्यावर कार्यकर्त्यांनी काय केले, हे तपासणे अधिक उपयुक्त ठरते.

उगम : प्राथमिक निवडणुकीचा आरंभ नेमका कोठे झाला याबद्दल एकमत नाही. पेनसिल्व्हेनियातील क्रॉफर्ड परगण्यात डेमोक्रॅटिक पक्षाने १८४२ च्या सुमारास स्थानिक उमेदवार थेट पक्षाच्या मतदारांकडून निवडून घेण्यास सुरुवात केली. पुढे ही रीत ‘क्रॉफर्ड परगणा पद्धत’ या नावाने ओळखली गेली. ती पक्षाने स्वतःहून पाळलेली होती, तिला कायद्याचा आधार नव्हता. त्यामुळे काही अभ्यासक हा मान मिनेसोटाच्या १८९९ च्या कायद्याला देतात. तो कायदा मात्र मिनिआपोलिस शहर ज्यात येते त्या हेनेपिन परगण्यापुरताच होता. विस्कॉन्सिनमध्ये तेथील गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये कायदा झाला, १९०४ मध्ये मतदारांनी त्याला मंजुरी दिली आणि १९०६ मध्ये त्यानुसार पहिली निवडणूक झाली. राज्यभर लागू आणि पक्षांवर बंधनकारक, ही कसोटी लावल्यास विस्कॉन्सिनचा दावा अधिक भक्कम दिसतो. अध्यक्षपदापुरते पाहायचे तर फ्लॉरिडाच्या १९०१ च्या कायद्याने पक्षांना अशी निवडणूक घेण्याची मुभा दिली, ऑरेगनने १९१० मध्ये उमेदवारांबद्दल मतदारांची थेट पसंती नोंदवण्याची तरतूद केली आणि अशी पसंतीची निवडणूक प्रत्यक्षात प्रथम नॉर्थ डकोटात मार्च १९१२ मध्ये झाली. ती ला फॉलेट यांनी जिंकली.

त्याच वर्षी थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यमान अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना आव्हान दिले. सभा गाजवण्यात रूझवेल्ट यांचा हातखंडा होता आणि मतेही त्यांना मिळाली. नऊ राज्यांतील प्राथमिक निवडणुका त्यांनी जिंकल्या, त्यांत टाफ्ट यांचे स्वतःचे ओहायोही होते. तरीही रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात, जेथे राज्याराज्यांचे प्रतिनिधी मत देऊन उमेदवार ठरवतात, उमेदवारी टाफ्ट यांनाच मिळाली, कारण बहुसंख्य प्रतिनिधी प्राथमिक निवडणुकांतून आलेलेच नव्हते. पुढची अनेक दशके हीच स्थिती राहिली. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्राथमिक निवडणुकीत न उतरता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावरून उठलेल्या असंतोषातून प्रतिनिधी निवडण्याचे पक्षाचे नियम सुधारण्यासाठी मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोग नेमला गेला आणि १९७२ पासून मतदारांचा कौल उमेदवारी ठरवू लागला. गर्दीचे मतांत रूपांतर होते का, या प्रश्नाला खरे वजन तेव्हापासून आले. तत्पूर्वीचे एक उदाहरण मात्र वारंवार दिले जाते. १९६८ च्या वसंतात रॉबर्ट केनेडी यांच्याभोवती लोकांची अक्षरशः झुंबड उडे. मे महिन्यात इंडियानात ते जिंकले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ऑरेगनमध्ये यूजीन मॅकार्थी यांच्याकडून हरले.

गर्दीची मोजणी : गर्दी किती होती हेच ठरत नसेल, तर तिची मतांशी तुलना पोकळ ठरते. १९६० च्या दशकात बर्कली येथे पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्ज यांनी विद्यार्थी-आंदोलनांची छायाचित्रे आणि चौकातील फरसबंदीचे चौरस यांवरून एक सोपी रीत बसवली. जागेचे क्षेत्रफळ काढायचे, तिचे चौकोन पाडायचे, दाटी पाहून दर माणशी जागा धरायची आणि भागाकार करायचा. विरळ गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि खांद्याला खांदा भिडलेल्या गर्दीत अडीच चौरस फूट, ही त्यांची प्रमाणे आजही वापरली जातात. ही प्रमाणे पाहिली की वाद का पेटतात ते कळते. एक लाख चौरस फुटांच्या मैदानात विरळ प्रमाणाने १०,००० माणसे मावतात, तर दाट प्रमाणाने २२,००० च्या वर. छायाचित्र व्यासपीठाजवळचे असेल तर दुसरे प्रमाण पटते, मागच्या कुंपणाजवळचे असेल तर पहिले. शिवाय दाटी मैदानभर सारखी नसते आणि लोक येत-जात असतात.

सरकारी आकडा हा यावर उपाय वाटतो, पण तोही वादातून सुटत नाही. १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथील कृष्णवर्णीय पुरुषांच्या महामेळाव्याला राष्ट्रीय उद्यान सेवेने सुमारे ४ लाखांचा आकडा दिला. आयोजक खवळले आणि बॉस्टन विद्यापीठातील तज्ज्ञांनी छायाचित्रांच्या आधारे त्याच्या दुपटीहून मोठा अंदाज काढला. त्यानंतर उद्यान सेवेने असे आकडे देणे बंद केले. आज प्रचारसभांबाबत अग्निशमन दल, सभागृहाचे व्यवस्थापन आणि खुद्द प्रचारयंत्रणा हे तीन स्रोत उरतात. त्यांपैकी अग्निशमन दलाचा आकडा सामान्यतः अधिक विश्वसनीय मानावा, कारण आत सोडायच्या माणसांची मर्यादा पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाबामातील मोबील येथे डॉनल्ड ट्रम्प यांच्या सभेला शहर प्रशासनाने ३०,००० लोक सांगितले, तर काही वार्ताहरांनी २०,००० च्या आसपास. ऑनलाइन नावनोंदणीचा आकडा तर सर्वांत फसवा. जून २०२० मध्ये टल्सा येथील सभेसाठी दहा लाखांहून अधिक नोंदणी झाल्याचा दावा प्रचारयंत्रणेने केला होता. अग्निशमन दलाने आत मोजलेली माणसे सुमारे ६,२०० होती.

मतदानाच्या रीती : बंदिस्त प्राथमिक निवडणुकीत फक्त त्या पक्षाकडे नाव नोंदवलेलेच मतदान करू शकतात, खुल्या निवडणुकीत कोणीही. कॉकसमध्ये, म्हणजे उमेदवाराबद्दल कौल देण्यासाठी भरणाऱ्या पक्षाच्या स्थानिक बैठकीत, मतदाराला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जाऊन तासन्‌तास बसावे लागते. सभेचा दरवाजा मात्र सर्वांना उघडा असतो. गर्दी आणि मते यांच्यातील सर्वांत मोठी गळती येथे होते, आणि लोकप्रिय चर्चेत नेमका हाच मुद्दा मागे पडतो.

एप्रिल २०१६ मधील न्यूयॉर्क हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. १३ एप्रिलला मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानात डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणारे बर्नी सँडर्स यांच्या सभेला प्रचारयंत्रणेच्या सांगण्यानुसार २७,००० लोक आले, १७ एप्रिलला ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट उद्यानात २८,०००. दोन दिवसांनी झालेल्या मतदानात हिलरी क्लिंटन यांना सुमारे ५८ टक्के आणि सँडर्स यांना ४२ टक्के मते पडली. ब्रुकलिनमध्येही त्या जिंकल्या. न्यूयॉर्कची निवडणूक बंदिस्त होती आणि आधीपासून नोंद असलेल्या मतदाराला पक्ष बदलण्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक आधी, संपलेली होती. मैदानात घोषणा देणाऱ्या अनेक तरुणांना मतदानकेंद्रात जागाच नव्हती. ही अट अन्यायाची होती आणि पुढे कायदा बदलून ती शिथिल करण्यात आली. तरीही पराभवाचे सारे खापर तिच्यावर फोडता येत नाही. दोघांतील फरक तीन लाखांहून अधिक मतांचा होता आणि ब्रुकलिनच्या सभेला आलेला प्रत्येक माणूस पात्र मतदार धरला, तरी त्या पक्षाच्या एकूण मतदानाच्या दीड टक्काही भरत नाही.

वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षी नकळत एक प्रयोगच घडवला. तेथे मार्चमध्ये कॉकस झाले. आदल्या दिवशी सिअ‍ॅटलच्या बेसबॉल मैदानावर सँडर्स यांची प्रचंड सभा झाली होती. सुमारे २,३०,००० लोक कॉकसला आले आणि सँडर्स यांना जवळपास ७३ टक्के कौल मिळाला. मे महिन्यात त्याच राज्यात टपालाने प्राथमिक निवडणूक झाली, जिच्यावर प्रतिनिधींचे वाटप अवलंबून नव्हते. तीत आठ लाखांहून अधिक मते पडली आणि क्लिंटन सुमारे ५२ टक्के मते घेऊन पुढे राहिल्या. शनिवारची सकाळ पक्षकार्यासाठी मोडणारा माणूस आणि सभेसाठी रांगेत उभा राहणारा माणूस बहुधा एकच असतो. घरी बसून मतपत्रिका भरणारा वेगळा असतो. निवडणूक निकालाच्या दृष्टीने बंधनकारक नसल्याने ही तुलना पूर्णपणे निर्दोष नाही, परंतु इतका स्पष्ट पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो.

बराक ओबामा यांच्या २००८ च्या मोहिमेत गर्दी असूनही हार आणि गर्दीनंतर जीत, हे दोन्ही प्रकार महिन्याभराच्या अंतराने दिसतात. १८ एप्रिलला फिलाडेल्फियात सुमारे ३५,००० लोक जमले. चार दिवसांनी पेनसिल्व्हेनिया क्लिंटन यांनी साधारण ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी जिंकले. फिलाडेल्फिया शहराने मात्र ओबामांनाच साथ दिली होती. गर्दीने शहराचे मत बरोबर सांगितले, राज्याचे नाही. १८ मे रोजी, रविवारी, पोर्टलंडच्या नदीकाठच्या उद्यानात अग्निशमन दलाच्या अंदाजाने आत ६०,००० आणि बाहेर १५,००० लोक होते. तेथे एका स्थानिक लोकप्रिय वाद्यवृंदाचा विनामूल्य कार्यक्रमही होता, त्यामुळे लोक कोणासाठी आले यावर नंतर बरीच चर्चा झाली. मंगळवारी ओबामा ५९ टक्के मतांनी जिंकले. यावरून सभेने मते मिळवली असे म्हणण्याची घाई होऊ नये. ऑरेगनमध्ये मतदान टपालाने होते, मतपत्रिका दोन आठवड्यांपूर्वीच घरोघरी पोचल्या होत्या आणि त्या काळी मंगळवारी रात्री आठपर्यंत कार्यालयात किंवा अधिकृत मतपेटीत न पोचलेले मत बाद ठरत असे. रविवारी निर्णय घेणाऱ्याला लिफाफा पेटीत टाकण्यासाठी स्वतः जावे लागले असते. सभेला आलेल्यांतील अनेकांचे मत आधीच देऊन झालेले असणे अधिक संभवनीय आहे.

सभेचा मतांसाठी कसून वापर झाल्याचे उदाहरण साउथ कॅरोलायनात सापडते. डिसेंबर २००७ मध्ये कोलंबिया येथील फुटबॉल मैदानावर ओप्रा विन्फ्री यांच्या उपस्थितीत सुमारे २९,००० लोक जमले. प्रचारयंत्रणेने उपस्थितांच्या हाती मतदारांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक दिले आणि बसल्या जागेवरून त्यांना फोन करायला लावले. आलेल्यांचे संपर्क नोंदवून पुढे त्यांतूनच कार्यकर्ते उभे केले. २६ जानेवारीला ओबामांना ५५ टक्के मते मिळाली. याच्या उलट बाजूला २००४ च्या डेमोक्रॅटिक उमेदवारीचे इच्छुक हॉवर्ड डीन. २००३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या सभा ओसंडून वाहत होत्या. पुढे आयोवात नारिंगी टोप्या घातलेले हजारो परराज्यांतील स्वयंसेवक दारोदार फिरले. १९ जानेवारी २००४ रोजी ते १८ टक्के घेऊन तिसरे आले. उत्साह बाहेरून आला होता, मत आयोवाच्या रहिवाशांचे होते. कमला हॅरिस यांनी जानेवारी २०१९ मध्ये ओकलंड येथे २०,००० च्या सभेने आरंभ केला आणि एकही मत पडण्यापूर्वी, डिसेंबरमध्येच, माघार घेतली. जो बायडेन यांच्या सभा २०२० मध्ये लहानच असत. साउथ कॅरोलायनातील खासदार जेम्स क्लायबर्न यांचा पाठिंबा मिळाल्यावर त्यांनी ते राज्य मोठ्या फरकाने जिंकले आणि तीन दिवसांनी, जेथे प्रचारही केला नव्हता अशी मॅसॅचूसेट्स व मिनेसोटा ही राज्येही घेतली. बॉस्टनमध्ये सँडर्स यांची मोठी सभा त्याच आठवड्यात झाली होती.

ट्रम्प यांचे २०१६ चे यश गर्दीच्या बाजूने सांगितले जाते. अलाबामात त्यांना ४३ टक्के मते मिळाली, हे खरे. पण त्याआधी आयोवाच्या कॉकसमध्ये, सभा मोठ्या असूनही, टेड क्रूझ त्यांच्या पुढे गेले. क्रूझ यांची गावोगावची बांधणी हे त्याचे कारण सामान्यतः दिले जाते आणि ते पटण्याजोगे आहे.

अभ्यासकांची मते : पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० मध्ये ओहायोच्या ईरी परगण्यात केलेल्या पाहणीत प्रचार मत बदलण्यापेक्षा असलेले मत पक्के करतो, असे आढळले. ती पाहणी सार्वत्रिक निवडणुकीची होती. प्राथमिक निवडणुकीत सारे उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने मत बदलण्यास अधिक वाव असतो. लॅरी बार्टेल्स यांनी सुरुवातीच्या निकालांमुळे मिळणाऱ्या गतीवर भर दिला. या मांडणीनुसार गर्दीचा उपयोग अप्रत्यक्ष आहे : ती बातमी होते, बातमीमुळे देणग्या व अपेक्षा वाढतात. दुसऱ्या मतानुसार पक्षनेत्यांचा पाठिंबा निर्णायक असतो. २०१६ च्या रिपब्लिकन निकालाने या मताला धक्का बसला, २०२० च्या डेमोक्रॅटिक निकालाने ते काहीसे सावरले. ॲलन गर्बर आणि डॉनल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन येथे केलेल्या प्रयोगात प्रत्यक्ष दारी जाऊन केलेल्या विनंतीने मतदान वाढते, दूरध्वनीने फारसे नाही, असे दिसले. सभा स्वतः मते देत नाही, दारी जाणारी माणसे देते, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य ठरते.

अन्यत्र : ब्रिटनमध्ये २०१५ च्या मजूर पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत जेरेमी कॉर्बिन यांच्या सभांना सभागृहे अपुरी पडली आणि ते ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. तीन पौंड भरून कोणालाही समर्थक-मतदार होता येत असल्याने सभेला आलेला माणूस लगेच मतदार बनू शकत होता. भारतात काँग्रेसने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी निवडक मतदारसंघांत असा प्रयोग केला, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा व लातूर होते. तेथे मताधिकार पक्षाचे पदाधिकारी व निवडून आलेले लोकप्रतिनिधी यांच्यापुरता असल्याने जाहीर सभांना त्यात स्थानच नव्हते. उमेदवार पदाधिकाऱ्यांच्या गाठीभेटी घेत फिरले. दोन्ही जागा पुढे भारतीय जनता पक्षाने जिंकल्या.