जास्त जीबी म्हणजे वेगवान कार्ड? नाही!

‘जेवढे जीबी जास्त, तेवढं ग्राफिक्स कार्ड भारी’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी कष्टाचे पैसे चुकीच्या कार्डात जातात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी असते, ३०६० टीआयमध्ये ८. तरीही बहुतेक गेममध्ये टीआयच पुढे, कारण त्यात ४८६४ कूडा कोअर (कार्डातल्या चिपवरची गणितं करणारी छोटी एककं) आहेत, साध्या ३०६० मध्ये ३५८४. मेमरी बस, म्हणजे मेमरी आणि चिपमधला डेटाचा रस्ता, हीसुद्धा टीआयमध्ये २५६ बिटची, साध्या ३०६० मध्ये १९२. चित्र घडवतात ते कोअर. मेमरी ही टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) वगैरे ठेवायची जागा. ती अपुरी पडली की मात्र गेम अडखळतो, म्हणून आज ८ जीबीच्या खाली जाऊच नका. ४०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबी कार्डांत तर कोअर तेवढेच, ४३५२. जिथे ८ जीबी पुरतात, तिथे दोन्हींचा वेग जवळपास सारखाच.